आसानालीची थुंकी

बेगायिमनं बोट घालून लेकीच्या, मीरिमच्या तोंडातून लोखंडी कोमूज बाहेर ओढला, तेव्हा त्याच्यामागून लाळेची एक तार आली. ती लांबत गेली, तुटली आणि बेगायिमच्या मनगटावर पडली. नुसती पोरीची लाळ असती तर तिनं झग्याला पुसून टाकली असती. पण दातांत धरून वाजवायचं हे वाद्य मघाशी खिडकीपाशी बसलेल्या सासूच्या, बुरुलच्या तोंडात होतं, आणि मनगटावरच्या त्या थेंबात कुणाचा वाटा किती हे सांगता येण्यासारखं नव्हतं. तिनं हात अंगापासून लांब धरला.

"दात येतायत तिला," बुरुल म्हणाली. "गार लोखंडानं हिरड्यांना बरं वाटतं."

"धुतला होता का, आपा?" सासूला ती नवऱ्यासारखंच आपा, म्हणजे आई, म्हणायची.

"पुसला होता."

कशाला पुसला होता ते विचारायची गरज नव्हती. सासूच्या कमरेला बांधलेलं फडकं समोरच होतं. सकाळी त्यानं गाईची आचळं पुसून झाली होती, दुपारी पोरीचं नाक.

बुरुलनं हात पुढे केला. बेगायिमनं कोमूज चिमटीत धरून तिच्या तळव्यावर ठेवला. सासूनं तो उलटसुलट करून पाहिला, नातीच्या लाळेसकट दातांत धरला आणि बाहेर आलेल्या जिभलीला बोट मारलं. एक खरखरीत झणकार निघाला आणि तोंडातल्या तोंडात विरून गेला. तिनं पुन्हा बोट मारलं. बेगायिम मनगट धुवायला बाहेर गेली.

सासरे जाऊन वर्ष झालं, वर्षाचं जेवण घातलं गेलं, आणि त्यानंतरच्या आठवड्यात बुरुल गावाच्या वरच्या टोकाला राहणाऱ्या, कोमूज वाजवणाऱ्या म्हाताऱ्या आसानालीच्या दारात जाऊन उभी राहिली. मला शिकवा, म्हणाली. तिच्या वयाच्या बायका नमाजाला लागत, नाहीतर गुडघे शेकायला गरम झऱ्यांवर जात. मोठी जाऊ दामिरा शेजारच्याच घरात राहायची. ती कुंपणावरून आवाज देऊन बेगायिमला सांगायची, लोकांच्या सासवा म्हातारपणी अल्लाचं नाव घेतात, आपल्या सासूनं लोखंड चावायला घेतलंय. बेगायिम हसायची, पण तोंडावर हात ठेवून. बुरुल या घरात आली तेव्हा तिच्या सासऱ्यांपुढे सुनेनं दात दाखवायचे नाहीत असा नेम होता. तोंड उघडं ठेवून एखादं वाद्य वाजवणं तर लांबच. आता घरात बुरुलहून थोरलं कुणी उरलं नव्हतं.

शिकायला लागून वसंत गेला, उन्हाळा गेला, तरी सूर येत नव्हता. पुढचे दात सोन्यानं मढवलेले. त्यांच्यावर लोखंड टेकलं की किरकिरायचं. ओठ अर्धवट उघडे ठेवून श्वास आतबाहेर करायचा असल्यानं लाळ साठायची, हनुवटीपर्यंत ओघळायची, आणि मग बुरुल ती एकदम आत ओढून घ्यायची. तो ओढण्याचा आवाज बेगायिमला सहन होत नसे. जेवताना तो तिच्या कानात असायचा. पोरीला पाजताना असायचा. बिश्केकला कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकदा स्वतःच्या तोंडातला बोळा काचेच्या बशीवर फिरवला होता, आणि चार दिवसांनी बशीत पिवळी, राखाडी, केसाळ बेटं उगवली होती. सगळ्या मुली किंचाळल्या होत्या. आपल्या बशीवर बेगायिमनं झाकण पुन्हा कधी उघडलं नव्हतं. आता सासूनं कोमूज तोंडातून काढला की तिला ती बशी दिसे.

एकदा तिनं तो गुपचूप उकळला. सासू गाईमागे गेलेली असताना दुधाच्या बाटलीच्या बुचांबरोबर भांड्यात टाकला, चिमूटभर सोडा घातला, आणि पाणी खळखळायला लागल्यावर तिला खूप दिवसांनी हलकं वाटलं. कोरडा करायचा तेवढा राहिला. दुसऱ्या दिवशी जिभलीच्या बुडाशी तपकिरी गंज धरला होता आणि कोमूजचा होता तोही आवाज बसला. बुरुलनं कुणाला काही विचारलं नाही. खिडकीत बसून तिनं गंज खरवडला, मेंढीच्या शेपटीची चरबी घेऊन बोटानं सांध्यात चोळली, आणि चरबीचा तो खवट वास येत असतानाच कोमूज तोंडात धरला. त्या दिवशी बेगायिमला जेवण गेलं नाही.

आसानालीला तिनं जवळून पाहिलं ते पहिला बर्फ पडला त्या दुपारी. घरी पाहुणे आले होते आणि बुरुल शिकवणीला गेलेली, म्हणून बेगायिमच्या नवऱ्यानं, तुरातनं, तिला सासूला बोलवायला धाडलं. तुरात जिल्ह्याच्या गावापर्यंत प्रवासी गाडी चालवायचा, आणि घरी असला की खुर्चीतून उठायचा नाही. पोरीला दामिराकडे ठेवून बेगायिम चढ चढून गेली. आत खोलीत तंबाखू, ओली लोकर आणि म्हाताऱ्या माणसाच्या अंथरुणाचा वास होता. आसानाली बुटका, मान खांद्यांत रुतलेला. खालच्या ओठाआड नसवाय, तंबाखूची हिरवी भुकटी, भरलेली, त्यामुळे ओठ सुजल्यासारखा पुढे आलेला. पायाशी एक पत्र्याचा डबा होता. बोलता बोलता तो त्यात पिचकारी टाकायचा, आणि मग खोकायचा. तो खोकला बेगायिमला ठाऊक होता. काही वर्षांपूर्वी म्हातारा एक अख्खा हिवाळा क्षयाच्या दवाखान्यात काढून आला होता. गावात ते कुणी बोलायचं नाही. छातीला गारठा बसला होता, एवढंच म्हणायचे.

बुरुल समोर मांडी घालून वाजवत होती. म्हाताऱ्यानं हात वर करून तिला थांबवलं, तिच्या तोंडातून कोमूज काढून घेतला, आपल्या दातांत धरला. मग जे निघालं ते खरोखर वेगळं होतं. त्या एवढ्याशा लोखंडातून आधी पाणी वाहिल्यासारखा, मग लांबच्या खिंडीत घोडं खिंकाळल्यासारखा आवाज आला. बेगायिम दारातच थांबली. पण तिची नजर त्याच्या ओठाच्या कोपऱ्यावर होती. तिथून हिरवा ओघळ लोखंडावर उतरत होता. वाजवून झाल्यावर त्यानं तो बुरुलला परत दिला आणि तिनं तो, न पुसता, तोंडात घातला.

"असं?" तिनं वाजवून विचारलं.

म्हातारा डब्याकडे वळून थुंकला. मग म्हणाला, "हात बरोबर आहे तुझा. श्वासही आहे. तोंड कोरडं राहिलंय, त्याला मी काय करू? वाजवणं थुंकीतून उतरतं, ते लहानपणी तोंडात पडावं लागतं. कुणी जाणता थुंकला असता, तर आज वेगळं झालं असतं."

"थुंकले होते की," बुरुल म्हणाली. "माझ्या भावाच्या तोंडात. मी शेजारीच बसले होते."

"मग? वाजवतो का?"

"ट्रॅक्टर चालवायचा. प्यायचा. गेला."

आसानाली हसला आणि हसता हसता खोकायला लागला. बेगायिमनं डोक्यावरचा रुमाल नाकापुढे ओढून घेतला. सासूनं ते पाहिलं, असं तिला वाटलं.

थंडी वाढली तशी घरोघर हिवाळ्यासाठी जनावरं कापायला सुरुवात झाली. यंदा मेंढी कापली की आसानालीला जेवायला बोलवायचं, असं बुरुलनं ठरवलं होतं. शिकवणीचे तो काही घेत नव्हता, तेव्हा निदान मान तरी द्यायचा. बरोबर चार शेजारी. हे ठरत असताना दामिरा म्हणाली, तो येतोच आहे तर मीरिमच्या तोंडात थुंकून घेऊ या. पोर कशी आवाजामागे मान वळवते बघा. म्हाताऱ्याचे किती दिवस राहिलेत कुणास ठाऊक, त्याच्याबरोबर सगळं मातीत जायचं. तुरात म्हणाला, हो तर. कुणी सुनेकडे पाहिलं नाही. पाहायचं कारणही नव्हतं, कारण यात विचारण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं. बुरुल तेवढी गप्प होती, पण ती नेहमीच असायची.

त्या रात्री अंथरुणात बेगायिमनं नवऱ्यापाशी विषय काढला. म्हाताऱ्याच्या छातीचं सांगितलं, दवाखान्याचं सांगितलं, पोरीचं वय सांगितलं. तुरातनं कूस बदलली. माझ्याही तोंडात आजोबांचा कुणी शाहीर मित्र थुंकला होता म्हणे, तो म्हणाला. आणि बघ, कसा गातोय स्टिअरिंगवर. तो आपल्याच विनोदावर हसला आणि झोपला. बेगायिम काळोखात मीरिमच्या श्वासाकडे कान लावून पडून राहिली. तिनं कितीतरी वाटा शोधल्या. पोरीला ताप आहे म्हणावं. माहेरी आई आजारी आहे म्हणावं. ऐन वेळी पोरीला झोपवून टाकावं. पण झोपलेल्या पोरीचं तोंड तर आणखी सहज उघडतं.

जेवणाच्या आदल्या दिवशी मेंढी कापली. आतडी धुणं हे सुनेचं काम. बेगायिम आणि बुरुल परात घेऊन घरामागच्या पाण्याच्या पाटावर बसल्या. कडेला बर्फाची पापडी धरली होती. आतडी अजून कोमट होती आणि बेगायिमच्या बोटांत ती जिवंत असल्यासारखी घसरत होती. काडीवर उलटी करायची, आतलं हिरवं, अर्धवट पचलेलं गवत पिळून काढायचं, पाणी सोडायचं. ती नाक बंद करून तोंडानं श्वास घेत होती. थोड्या वेळानं तिला कळलं की त्या वासाला चवही आहे, आणि ती आता जिभेवर आली आहे. मग तिनं तोंडही मिटलं.

बुरुलचे हात न बघता चालत होते. एक लांब तुकडा तिनं उचलला, टोक ओठांशी नेलं आणि फुंकर मारली. आतडं फुगून चकाकलं. कुठं भोक पडलं नाही ना, ते ती उजेडात धरून बघायला लागली. बेगायिमनं मान फिरवली.

"आपा," ती पाण्याकडे बघत म्हणाली, "मीरिमच्या तोंडात पांढरं आलंय. उद्या ते नको करायला."

"कुठं आलंय?"

"जिभेवर. गालाच्या आतही."

"सकाळी बघितलं होतं मी तिचं तोंड. काही नव्हतं."

"दुपारनंतर आलं."

बुरुलनं आतड्यातली हवा सोडली. ते तिच्या मांडीवर लोळागोळा होऊन पडलं. आसानालीच्या थुंकीनं असलं पांढरंबिंढरं जातं, असं दामिराची आई सांगायची म्हणे, ती म्हणाली. पण तिच्या आवाजात तो मुद्दा पटवायची ओढ नव्हती. पाटाचं पाणी बर्फाखालून वाहत होतं. तिनं दुसरं टोक उचललं, पिळलं, धुतलं.

"तुला त्याची घाण वाटते," ती म्हणाली. जरा थांबली. "का माझीच?"

बेगायिमचे कान तापले. काहीतरी म्हणायला हवं होतं. तसं नाही आपा, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तोंड उघडलं तर तो वास पुन्हा आत जाईल असं तिला वाटलं, आणि ती काडीवर आतडं चढवत राहिली. हातांची बोटं बधिर झाली होती. बुरुलनं परत विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाभोवती माणसं दाटीनं बसली. आसानाली दारासमोरच्या मानाच्या जागी, पाठीला रजयांची चळत. बेगायिम चहाच्या सामोवारापाशी, दाराच्या अंगाला. ती चहाचे पियाले, मान म्हणून रीतीप्रमाणे अर्ध्याहून कमी भरून, पुढे सरकवत होती, परत येत होते ते पुन्हा भरत होती. काठावर चरबीचे ठसे, कुणाच्या मिशांचा एखादा केस. मीरिम तिच्या पाठीशी उशीला टेकून नानचा तुकडा चघळत होती. मेंढीचं मुंडकं आसानालीपुढे ठेवलं गेलं. त्यानं सुरीनं कान कापला, सगळ्यात लहान पाहुण्याला म्हणून हातोहात पुढे पाठवला. दामिरानं तो मीरिमच्या मुठीत दिला. पोरीनं तो तोंडात घालायच्या आत बेगायिमनं काढून बाहीत सरकवला. कान गरम होता, त्यावरचे जळलेले केस तिच्या मनगटाला टोचत होते. सगळं जेवण होईस्तोवर तो तिथंच राहिला.

हात धुऊन झाले, आणि मग आसानालीनं वाजवलं. बुरुलनं आपला कोमूज दिला होता. खोलीतली माणसं हळूहळू चघळायची थांबली. तुरातनंही दात कोरणं थांबवलं. बेगायिमला नको असतानाही तो आवाज तिच्या पोटात उतरला. ती बाळंत होऊन घरी आली त्या पहाटे खिडकीशी उभी असताना जसं मोकळं वाटलं होतं, तसं काहीतरी एका क्षणापुरतं झालं. मग म्हाताऱ्याला ढास लागली आणि ते तुटलं. त्यानं तोंडातलं जे वर आलं होतं ते रुमालात घेतलं, रुमाल दुमडून खिशात ठेवला.

"आता आण गं पोरीला," दामिरा म्हणाली. "आक्साकाल आजोबांचा दम आहे तोवर."

बेगायिम म्हणाली की पोर झोपाळलीय. मीरिम टक्क जागी होती. दामिरा हसत उठली, गुडघ्यांवर सरकत आली आणि तिनं पोरीला उचललं. बेगायिमचे हात पोरीच्या काखेत होते. ते सुटेनात. दामिरानं ओढलं. कुणीतरी म्हणालं, सोड की, काही कापून घ्यायचं नाहीये तिचं. खोली हसली. तुरात हसला नाही. त्यानं बायकोकडे पाहिलं, आणि त्या नजरेत जे होतं ते वाचून तिची बोटं एकेक करून सुटली. बाहीतला कान घसरून खाली पडला.

आसानाली तयार झाला. त्यानं बोट घालून ओठाआडची नसवाय काढली, कागदात गुंडाळली. चहाचा घोट घेऊन तोंडात खळखळवला आणि गिळून टाकला. बेगायिमला ते सगळं फार स्पष्ट, फार जवळून दिसत होतं. हिरव्या पडलेल्या हिरड्या, जिभेवरचा साय धरल्यासारखा थर. तिला वाटलं आपण आता ओकणार. ओकले तर बरं होईल, असंही वाटलं. निदान सगळे इकडे बघतील.

"इकडे दे," बुरुल म्हणाली.

दामिरानं पोर सासूकडे दिली. आजीनंच धरायचं, हे सगळ्यांना बरोबर वाटलं. बुरुल गुडघ्यांवर चालत म्हाताऱ्यासमोर गेली आणि बसली. तिनं मीरिमला मांडीवर उभं केलं, मग तिचं डोकं हातानं वळवून आपल्या छातीशी दाबलं. पोरीचा चेहरा शालीत गेला. तिनं शालीचं टोक वरून ओढलं, पोरीचा कानही दिसेनासा झाला. आणि मग तिनं मान वर केली, डोळे मिटले आणि स्वतःचं तोंड उघडलं.

सोन्याचे दात चमकले. खालची जीभ, तिच्या कडा, पडजिभेपर्यंतचं सगळं लाल ओलं दिसत होतं. त्या घरात बुरुलचं तोंड इतकं उघडं कुणी पाहिलं नव्हतं.

मागं कुणीतरी खुदकलं आणि थांबलं. तुरात म्हणाला, "आपा, काय चाललंय?"

आसानालीनं पियाला खाली ठेवला. "बुरुल, हे लेकरांसाठी असतं."

बुरुलनं डोळे उघडले नाहीत. बोलण्यापुरतं तोंड मिटलं.

"शिकतेय मी," ती म्हणाली. "पोर नाही शिकत."

आणि परत उघडलं.

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. त्याचा खालचा ओठ नसवाय नसल्यानं आत गेला होता आणि तो एकदम खूप म्हातारा दिसत होता. मग तो पुढे झुकला. त्यानं एका हातानं तिची हनुवटी धरली, लहान मुलाची धरावी तशी. बेगायिमला डोळे मिटायचे होते. मिटता आले नाहीत. तिनं त्याचे ओठ जमा होताना पाहिले, थुंकी पडताना पाहिली, ती जिभेवर पडलेली पाहिली, आणि सासूनं तोंड मिटून गिळलेलंही पाहिलं. बुरुलचा गळा वरखाली झाला. शालीत मीरिम रडायला लागली, कारण तिला काही दिसत नव्हतं.

बेगायिम उठून बाहेर गेली आणि गोठ्याच्या भिंतीला धरून ओकली. बराच वेळ ओकली. पोटात काही राहिलं नाही तरी उमळ थांबत नव्हती. तोंडावर बर्फ चोळून ती वळली तेव्हा मागं बुरुल उभी होती, काखेत पोर.

"घे," ती म्हणाली. "तिच्या नाकातोंडात शालीची लोकर गेलीय. पुसून घे."

बेगायिमनं पोरीला घेतलं. बोट ओलं करून तिनं मीरिमच्या ओठांवरचे लोकरीचे तंतू काढले. बुरुल दोन पावलं लांब उभी होती. तिथूनच म्हणाली, "माझा पियाला आजपासून वेगळा ठेव. निळ्या काठाचा. बाकीच्यात मिसळू नकोस." मग जरा वेळानं, "कोमूजही मी वर फळीवर ठेवत जाईन."

संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. दामिरा कुंपणापाशी येऊन म्हणाली, नातीच्या तोंडचं काढून घेतलं बाई, मी अशी हावरट म्हातारी बघितली नाही. ती हे आता हसत म्हणत नव्हती. तुरात आईशी बोलेना. जेवताना त्यानं पानाकडे बघत सांगितलं की उद्या तो आसानालीकडे जाऊन त्याला पुन्हा बोलावणार आहे, या वेळी आपण स्वतः पोरीला धरणार. बुरुल चुलीपाशी पाठमोरी होती. तिनं लाकडं सारली.

"मीच नको म्हणाले होते आपांना," बेगायिम म्हणाली.

तुरातनं मान वर केली. "तू?"

"मी. अजूनही नको म्हणते. मी नाही देणार तिला."

तुरातनं तिच्याकडे पाहिलं, मग आईच्या पाठीकडे. उद्या बघू, म्हणाला आणि उठला. त्यानं ताट जोरात सारलं, पण दार आपटलं नाही.

सकाळी बेगायिम उठली तेव्हा बुरुल खिडकीपाशी बसून वाजवत होती. कालच्यापेक्षा काही वेगळं ऐकू येतं का म्हणून ती दाराआड थांबून राहिली. तीच किरकिर होती. मध्येच तो लाळ आत ओढण्याचा आवाज आला आणि बेगायिमच्या अंगावर सरसरून काटा आला, कालच्यासारखाच, कदाचित जास्तच. तिला वाटलं होतं निदान एवढं तरी जाईल.

तिनं सामोवार पेटवला. फळीवर निळ्या काठाचा पियाला एकटा पालथा घातलेला होता. तिनं तो घ्यायला हात नेला आणि हात अर्ध्यावर थांबला. मग तिनं स्वच्छ फडकं घेतलं, त्याच्या टोकानं पियाला धरला, अर्ध्याहून थोडा कमी भरला आणि सासूपुढे नेला. ठेवतानाही फडकं सुटू दिलं नाही. आपण काय करतोय ते दिसतंय, हे तिला कळत होतं.

बुरुलनं कोमूज तोंडातून काढला. पियाल्याकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं.

"हं," ती म्हणाली. "असंच धरत जा."